लेवीय १६ : प्रायश्चित्ताच्या दिवशी दोन बकरे कशासाठी?

पाऊलवाट
सर्वांना सलाम. आमच्या मंडळीत शुक्रवारी बायबल स्टडी असतो, सध्या लेवीय, म्हणजे बायबलचं तिसरं पुस्तक, चाललंय आणि सोळावा अध्याय माझ्या वाट्याला आलाय. तयारी करताना एका ठिकाणी अडकले म्हणून हा धागा.

ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अहरोन म्हणजे मोशेचा भाऊ आणि पहिला महायाजक. त्याचे दोन मुलगे, नादाब आणि अबीहू, परमेश्वरापुढे नको तो अग्नी घेऊन गेले आणि जागच्या जागी मेले (अध्याय १०). त्यानंतर देव मोशेला सांगतो की अहरोनाने पडद्याच्या आत, म्हणजे परमपवित्रस्थानात, वाटेल तेव्हा यायचं नाही. वर्षातून एकच दिवस, सातव्या महिन्याच्या दहाव्या तारखेला. त्या दिवशी महायाजक सोन्याची, रंगीत वस्त्रं बाजूला ठेवतो, अंघोळ करतो, साधी तागाची वस्त्रं घालतो. आधी स्वतःसाठी आणि घराण्यासाठी गोऱ्हा. मग लोकांकडून आणलेले दोन बकरे दर्शनमंडपाच्या, म्हणजे देवाच्या निवासाच्या तंबूच्या, दाराशी उभे करायचे आणि चिठ्ठ्या टाकायच्या, एक परमेश्वरासाठी, एक अजाजेलासाठी. पहिला मारायचा आणि त्याचं रक्त आत नेऊन दयासनावर (कराराच्या कोशाच्या झाकणावर) आणि दयासनापुढे शिंपडायचं. दुसरा जिवंत ठेवायचा. त्याच्या डोक्यावर अहरोन दोन्ही हात ठेवतो, लोकांची सगळी पापं कबूल करतो आणि तो बकरा रानात सोडून दिला जातो.

आता प्रश्न. रक्ताने प्रायश्चित्त झालं ना? मग दुसरा बकरा कशाला? आपल्याकडे उपदेशात पहिल्या बकऱ्यावर आपण थेट नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्र ९ ला उडी मारतो आणि दुसरा तसाच रानात राहतो. मला मनापासून वाटतं की तिथे काहीतरी मोठं आहे जे आपण वाचतच नाही. तुम्हाला काय वाटतं, आणि तुमच्या मंडळीत हे कसं शिकवलं गेलं?

मार्था_७
लेवीय सोळापर्यंत पोचलात हेच कौतुक 😀 आमच्याकडे दर जानेवारीत वर्षभरात बायबल वाचायचा संकल्प होतो, उत्पत्ती जोरात, निर्गम अर्ध्यापर्यंत जोरात, आणि फेब्रुवारीत लेवीय आलं की ग्रुपवर एकदम शांतता. वाचतेय, लिहा सगळे.

शेवगावचा
ताई, प्रश्न चांगला आहे, पण मला उत्तर फार अवघड वाटत नाही. पहिला बकरा म्हणजे किंमत, दुसरा म्हणजे त्या किमतीचं फळ. पापाचं वेतन मरण आहे, ते कोणीतरी भरलंच पाहिजे, रक्त ओतल्याशिवाय क्षमा नाही (इब्री ९:२२). पण रक्त आत पडद्यामागे शिंपडलं जातं, ते लोकांना दिसत नाही. म्हणून देवाने डोळ्यांना दिसेल असं दुसरं चिन्ह दिलं की बघा, तुमचं पाप चाललं, लांब चाललं. 'पूर्वेपासून पश्चिम जितकी दूर' हे स्तोत्र १०३ मधलं वाक्य मला नेहमी त्या बकऱ्यासोबत आठवतं. आमचे पाळकसाहेब असंच शिकवायचे आणि मला आजही ते पटतं.

अंजीर
@शेवगावचा दादा, शेवटचा भाग पटला, पण सुरुवातीला माझी अडचण आहे. लेवीयात पापार्पणाच्या बकऱ्याला 'शिक्षा' होते असं कुठे लिहिलंय? ज्या बकऱ्यावर पापं ठेवली तो मारायला सांगितलेलाच नाही, तो जिवंत सोडलाय. आणि जो मारलाय त्याच्यावर पापं ठेवल्याचा उल्लेख नाही.

जेकब मिलग्रॉम म्हणून एक ज्यू अभ्यासक होते, लेवीयावर त्यांचं तीन खंडांचं भाष्य आहे. त्यांनी एक साधी गोष्ट दाखवून दिली आणि ती एकदा डोक्यात बसली की सगळं पुस्तक वेगळं दिसायला लागतं. पापार्पणाचं रक्त लावतात कशाला? पाप केलेल्या माणसाला कधीच नाही. ते लावतात वेदीच्या शिंगांना, पडद्यापुढे, दयासनावर. म्हणजे धुतली जाते ती जागा. घरात कुठेतरी पाणी मुरतं आणि ओल भलत्याच भिंतीवर चढते, तसं लोकांचं पाप लांबून येऊन देवाच्या निवासस्थानाला चिकटतं आणि वर्षानुवर्षं साचलं तर पवित्र देव तिथे राहणार नाही, ही त्या पुस्तकाची खरी भीती आहे. १६:१६ वाचा. पवित्रस्थानासाठी प्रायश्चित्त करावं, कारण ते लोकांच्या अशुद्धतेमध्ये वसलेलं आहे. प्रायश्चित्त पवित्रस्थानाचं!

आणखी एक. चौथा अध्याय बघा. सामान्य माणसाने किंवा अधिपतीने नकळत पाप केलं तर रक्त बाहेरच्या वेदीच्या शिंगांना. अभिषिक्त याजकाने किंवा सगळ्या मंडळीने मिळून केलं तर रक्त आत न्यावं लागतं, पडद्यापुढे सात वेळा शिंपडावं लागतं. याजकाचं पाप जास्त आतपर्यंत जातं. आपल्या चर्च कमिट्यांच्या मीटिंगआधी हे वाचायला हवं.

शेवगावचा
अंजीर, जागा शुद्ध होते हे मी नाकारत नाही. पण १७:११ पण वाचा की, शरीराचं जीवन रक्तात असतं आणि ते वेदीवर 'तुमच्या जिवांसाठी' प्रायश्चित्त व्हावं म्हणून दिलंय. जिवाबद्दल जीव. आणि यशया ५३ मध्ये तर 'आमच्या अपराधांमुळे तो घायाळ झाला' असं स्पष्ट आहे. वधस्तंभावरून शिक्षा हा शब्दच काढून टाकला तर मग प्रभूने सोसलं ते कशाला? माझ्यासाठी हा वादाचा विषय नाही, माझं तारण त्यावर उभं आहे.

अंजीर
काढून टाकत नाहीये दादा. एवढंच म्हणते की लेवीय १६ मध्ये तो रंग शोधायला गेलो तर जो रंग खरंच आहे, धुण्याचा आणि वाहून नेण्याचा, तो हातचा जातो.

कुतूहल
मी ख्रिस्ती नाही, पण धागा वाचून राहवेना, विचारलं तर चालेल ना? आमच्याकडे मनुस्मृतीचा अकरावा अध्याय बराचसा प्रायश्चित्तांवरच आहे. कृच्छ्र, चांद्रायण वगैरे. चांद्रायणात चंद्राच्या कलेप्रमाणे घास कमी-जास्त करत महिनाभर काढायचा. म्हणजे ज्याने केलं त्याने सोसायचं. तुमच्याकडे पाप माणसाचं आणि जातो बकरा, पुढे ख्रिस्त. मग पाप करणाऱ्याला काही करावंच लागत नाही का? टीका म्हणून विचारत नाही, खरंच समजून घ्यायचंय.

वसईवाली
@कुतूहल, जरूर विचारा, असे प्रश्न आले की आम्हालाही नीट विचार करावा लागतो.

त्याच अध्यायात उत्तराचा एक भाग आहे. १६:२९ मध्ये सगळ्यांना सांगितलंय की त्या दिवशी जिवाला दंडन करा म्हणजे उपास करा, आणि कोणतंही काम करू नका. हे देशात जन्मलेल्याला आणि तुमच्यात राहणाऱ्या परक्यालाही लागू. म्हणजे माणूस नुसता बघ्या नाही. आम्ही कॅथलिक, आमच्याकडे राखेच्या बुधवारपासून प्रायश्चित्तकाळ सुरू होतो, उपास, प्रार्थना, दानधर्म तिन्ही. आणि पापनिवेदन करताना धर्मगुरू क्षमेबरोबर काहीतरी प्रायश्चित्त करायला सांगतात. लहानपणी आम्हाला वाटायचं की दोन 'नमो मारिया' म्हटल्या की सुटलो. पण आमच्या आजीने पक्कं शिकवलं होतं की क्षमा विकत मिळत नाही, ती आधीच दिलेली आहे, प्रायश्चित्त हे वाकलेलं सरळ करण्यासाठी. दोन्ही एकत्र धरायचं.

मडगावकर
आमच्या गोव्यात पापनिवेदनाला कुमसार म्हणतात. ईस्टरआधी कुमसाराची ती रांग, आणि रांगेत पुढे उभ्या असलेल्या काकीला किती वेळ लागतोय यावरून मागच्या सगळ्यांचे अंदाज 😄

बोरूबहाद्दर
प्रायश्चित्त आणि मिशन म्हटल्यावर पुण्याची आठवण निघणारच. १८९० साली पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये टिळक, रानडे आणि शहरातली बरीच मोठी मंडळी गेली, तिथे चहा-बिस्किटं पुढे आली, कोणी घेतली, कोणी नुसता हात लावला. गोपाळराव जोशींनी नावंच छापून आणली आणि शहरात वादळ उठलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. शेवटी १८९२ मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं आणि त्यावरून सुधारकांनी त्यांना खूप बोल लावले.

मुद्दा असा की इथे प्रायश्चित्त कशाचं होतं? कोणाचं काही लुबाडलं नव्हतं, कोणाला दुखावलं नव्हतं. कोणाच्या हातचं प्यायलं, याचं. लेवीयातल्या अशुद्धतेतही असलं काही आहे का? म्हणजे जे नैतिक नाही ते, मृत शरीराला हात लागला, बाळंतपण, त्वचारोग.

उंबरठा
@बोरूबहाद्दर यांनी जिथे बोट ठेवलं तिथेच माझं दुखतं, म्हणून जरा लांब लिहितोय.

माझे पणजोबा नगर जिल्ह्यात मिशनऱ्यांच्या काळात ख्रिस्ती झाले. जात महार. ते का झाले यावर घरात बरंच बोललं जायचं आणि त्यात एक गोष्ट पक्की होती, प्रभूच्या मेजावर एकाच प्याल्यातून पिता येतं. गावात पाणवठ्याला हात लावता येत नव्हता त्या माणसाला हे काय वाटलं असेल याची कल्पना करा. म्हणून मला पवित्र-अपवित्र, शुद्ध-अशुद्ध ही भाषा आली की अंगावर काटा येतो. लेवीय ११ ते १५ वाचताना मी कितीतरी वेळा पुस्तक मिटून ठेवलंय. महारोग्याने फाटके कपडे घालून, ओठ झाकून 'अशुद्ध, अशुद्ध' ओरडत छावणीबाहेर राहायचं (१३:४५). हे आमच्या लोकांनी ऐकलेलं आहे, वेगळ्या शब्दांत. आणि 'देव पवित्र आहे' हे वाक्य ज्या ज्या समाजात लोकांना लांब ठेवायला वापरलं गेलं तिथे त्या वाक्याचं काय करायचं, हे मला चर्चमध्ये कोणी कधी सांगितलं नाही. आमचे लोक रोमकरांस पत्रापासून सुरुवात करतात आणि लेवीय टाळतात, त्याचं कारण फक्त कंटाळा नाहीये.

मार्था_७
हे वाचून थांबले. उंबरठा, लिहिलंत ते बरं केलंत.

अंजीर
@उंबरठा, तुमचं दुखणं मी सोडवू शकत नाही, पण मजकुरातलं जे दिसतं ते सांगते.

लेवीयातली अशुद्धता जन्माने कोणालाच नाही आणि कायमचीही नाही. 'संध्याकाळपर्यंत अशुद्ध' हे शब्द पंधराव्या अध्यायात किती वेळा येतात बघा. अंघोळ कर, संध्याकाळ होऊ दे, झालं. महारोग्यासाठीसुद्धा चौदावा अध्याय आहे, परत आणण्याचा, आणि त्यात याजकाने स्वतः छावणीबाहेर जायचं असतं. महायाजकालाही अंघोळ, बकरा सोडून येणाऱ्यालाही अंघोळ. जातीची अशुद्धता धुतली तरी जात नाही, इथे मुळात सगळी व्यवस्था धुण्यासाठीच आहे. मला हा फरक फार मोठा वाटतो.

आणि दुसरं. हाग्गय २ मध्ये याजकांना प्रश्न विचारलाय, पवित्र मांस बांधलेला पदर भाकरीला लागला तर ती पवित्र होईल का? नाही. प्रेताला शिवून अशुद्ध झालेला माणूस शिवला तर? हो, अशुद्ध होईल. म्हणजे अशुद्धता पसरते, पवित्रता तशी पसरत नाही. आता मार्क उघडा. येशू महारोग्याला हात लावतो (१:४१), बारा वर्षं रक्तस्रावाने पिडलेली बाई त्याच्या वस्त्राला शिवते (५:२७), याईराच्या मेलेल्या मुलीचा हात तो हातात घेतो (५:४१). तिन्ही ठिकाणी पसरायला हवी होती अशुद्धता. पसरलं बरोबर उलट. पवित्रता त्याच्याकडून बाहेर पडली. माझ्यासाठी ख्रिस्ती पवित्रतेची व्याख्या हीच आहे.

उंबरठा
हाग्गयाचं माहीत नव्हतं, धन्यवाद. पण अजून पूर्ण सुटका नाही. एकविसावा अध्याय? व्यंग असलेल्या याजकाने वेदीजवळ यायचं नाही, आंधळा, लंगडा. आणि याजकपद तर जन्मानेच, अहरोनाच्या वंशात. अशुद्धता जन्माने नसेल, अधिकार होताच की.

शेवगावचा
उंबरठा भाऊ, इथे इब्री लोकांस पत्र खरंच कामाला येतं, सातवा अध्याय. आपला प्रभू यहूदाच्या वंशातला, आणि त्या वंशाबद्दल मोशेने याजकपणासंबंधी काहीच सांगितलं नाही, असं तिथे साफ लिहिलंय. तो याजक झाला तो वंशावळीच्या नियमाने नाही, अविनाशी जीवनाच्या सामर्थ्याने. म्हणजे जन्मावर बसलेलं याजकपद तिथेच संपलं. आणि १ पेत्र २:९ सगळ्या मंडळीलाच राजकीय याजकगण म्हणतो. तुमच्या पणजोबांनी तो प्याला हातात घेतला तेव्हा ते याजक होते. व्यंगाच्या नियमावर माझ्याकडेही सोपं उत्तर नाही, पण मंदिरात आंधळे-लंगडे येशूकडे आले आणि त्याने तिथेच त्यांना बरं केलं (मत्तय २१:१४), एवढं मला पुरतं.

नवगावकर
शालोम. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला मराठी बोलणारा ज्यू, आमचे पूर्वज अलिबागजवळ नवगावला लागले असं आम्ही सांगतो. सध्या इस्राएलमध्ये लोदला राहतो. माझा विश्वास तुमच्याहून वेगळा आहे, पण हा दिवस आमचा आहे म्हणून लिहितो.

कोकणात आमचे लोक या दिवसाला 'दरफाळणीचा सण' म्हणायचे. दारं बंद करायची, पांढरे कपडे घालायचे, उपास करायचा, बाहेरच्या कोणाशी संबंध ठेवायचा नाही, दिवसभर घरात. जवळ मंदिर नाही, याजक नाही, अनेक पिढ्या नीट ग्रंथही नाहीत, तरी हा दिवस टिकला. दुसऱ्या दिवशी 'शिळा सण', तेव्हा दानधर्म करायचा आणि एकमेकांकडे जायचं. इथे इस्राएलमध्ये त्या दिवशी रस्ते रिकामे असतात आणि मुलं हमरस्त्यावर सायकली चालवतात.

इ.स. ७० मध्ये रोमनांनी मंदिर पाडल्यावर बकरे संपले. आमच्या रब्बींनी होशेयाचं वाक्य धरलं, मला यज्ञ नको, दया हवी. किप्पूरच्या, म्हणजे याच प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या, सकाळी आम्ही यशया ५८ वाचतो, 'मला आवडतो तो उपास हा की दुष्टतेच्या बेड्या तोडाव्या, भुकेल्याला भाकर द्यावी', आणि दुपारी योनाचं पूर्ण पुस्तक. निनवेच्या लोकांनी काही बकरा सोडला नव्हता, ते वळले आणि देवाने पाहिलं.

तुमच्या दोन बकऱ्यांबद्दल आमच्या मिश्नेत, म्हणजे रब्बींच्या जुन्या नियमसंग्रहात, योमा भागात बरंच आहे. दोन्ही बकरे दिसायला, उंचीला, किमतीला सारखे आणि एकाच वेळी घेतलेले असावेत असं म्हटलंय.

मार्था_७
किती छान माहिती! अवांतर विचारते, ते मलिदा म्हणतात तो याच सणाचा का?

नवगावकर
नाही ताई, मलिदा एलियाहू हन्नाबीचा, म्हणजे एलीया संदेष्ट्याचा. पोहे, नारळ, साखर, फळं. नवस फेडायला, लग्नाआधी, नवीन घर घेतलं की करतात. एलियाहू अलिबागजवळ खंडाळ्याला येऊन गेला अशी आमची श्रद्धा आहे. किप्पूरला मात्र पाणीसुद्धा नाही.

जुनीवही
बरेच दिवस नुसतं वाचते, आज लिहिते.

माझ्या वडिलांच्या वाट्याची जमीन एका जवळच्या नातेवाइकाने कागदपत्रं फिरवून आपल्या नावावर करून घेतली. वडील त्या धक्क्यातून सावरले नाहीत. काही वर्षांनी तेच नातेवाईक एका सभेत उभे राहून साक्ष देत होते, प्रभूने माझी सगळी पापं धुतली, मी मोकळा झालो. लोक हालेलूया म्हणत होते. मी मागच्या बाकावर बसलेली. जमिनीचं नाव नाही. आमच्याकडे एकदा येऊन 'चुकलं' म्हणणं नाही. प्रायश्चित्त म्हणजे हे असेल तर मला ते नको आहे, असं त्या दिवशी वाटलं आणि नंतर कितीतरी दिवस मी उपासनेला गेले नाही.

मग कोणीतरी लेवीय ६ दाखवला. शेजाऱ्याला फसवलं, ठेव बुडवली, जुलमाने काही घेतलं तर पहिल्यांदा ते पूर्ण परत कर, वर पाचवा हिस्सा घाल, ज्याचं आहे त्याला दे, आणि मग दोषार्पणाचा मेंढा घेऊन ये. मग! आधी माणसाचं, मग वेदी. ही सुवार्ता मला रोमकरांस पत्रातून मिळाली नव्हती, लेवीयातून मिळाली. ज्या पुस्तकाला आपण नुसतं रक्ताचं पुस्तक म्हणतो त्याच पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात 'पवित्र व्हा, कारण मी पवित्र आहे' म्हटल्यावर पुढे काय काय येतं ते वाचा, शेताचे कोपरे कापू नका, गरिबाला आणि परक्याला राहू द्या, मजुराची मजुरी सकाळपर्यंत ठेवून घेऊ नका, बहिऱ्याला शिव्या देऊ नका. पवित्रता म्हणजे हे.

वसईवाली
जुनीवही, तुमच्यासाठी प्रार्थना करते. जकातदार जक्कय आठवतो का, 'कोणाचं अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत देतो', तेव्हा प्रभू म्हणाला आज या घराचं तारण झालं. पैसे परत करण्याचं बोलणं आधी, तारणाची घोषणा नंतर, लूकने लिहिलंय त्याच क्रमाने.

नवगावकर
जुनीवहीताई, योमा भागाच्या अगदी शेवटी हेच आहे. माणूस आणि देव यांच्यामधली पापं किप्पूरचा दिवस फेडतो. माणूस आणि माणूस यांच्यामधली, जोवर त्या माणसाची समजूत घातली नाही तोवर हा दिवस फेडत नाही. आमच्याकडे किप्पूरच्या आधी लोक एकमेकांकडे जाऊन क्षमा मागतात ते यासाठी.

शेवगावचा
आणि मत्तय ५:२३-२४, दान वेदीपुढेच ठेव, आधी भावाशी समेट कर. ज्यांनी साक्ष दिली त्यांना हे कोणीतरी सांगायला हवं होतं. कृपा फुकट आहे म्हणून दुसऱ्याची जमीन फुकट होत नाही. मी कृपेवर सगळ्यात जास्त बोलणारा माणूस आहे, तरी सांगतो.

रानवारा
मी माणदेशातला, घरी शेळ्या-मेंढ्या. धर्माचं फार कळत नाही, पण बकऱ्याचं कळतं. सोडलेला बकरा माघारी येतो. कळपाचा वास आणि आवाज त्याला लांबून कळतो, संध्याकाळी बरोबर वाड्याशी हजर. मग पापं घेऊन गेलेला बकरा दुसऱ्या दिवशी छावणीत परत आला तर काय करायचं?

मार्था_७
रानवारा दादा, हा प्रश्न बायबल स्टडीत इतक्या वर्षांत कोणालाच पडला नाही 😀

नवगावकर
पडला होता, म्हणूनच नंतरच्या काळात वेगळी सोय झाली. मिश्नेत दिलंय की मंदिराच्या काळी बकऱ्याला नेमलेला माणूस लांब कड्यापर्यंत न्यायचा आणि मागून ढकलून द्यायचा. वाटेत ठिकठिकाणी मांडव, तिथले लोक त्याला थोडं थोडं सोबत करायचे. शिंगांना लाल लोकर बांधलेली. लेवीयात ढकलायचं नाही, फक्त निर्जन प्रदेशात सोडायचं.

पाऊलवाट
किती भरून आलं वाचून, सगळ्यांचे आभार. रानवारा दादांचा प्रश्न मी स्टडीत विचारणारच. आता मूळ मुद्द्याकडे येते. अजाजेल म्हणजे कोण? आणि तो बकरा त्याला अर्पण केला असं म्हणायचं का? आमच्यातल्या एका काकांना याचा फार त्रास होतो.

अंजीर
काकांना सांगा, अर्पण नाही. पुढच्याच अध्यायात (१७:७) बकऱ्याच्या रूपातल्या भुतांना यज्ञ करायला सक्त मनाई आहे. शिवाय बकरा वेदीवर जात नाही, मारला जात नाही, म्हणजे यज्ञाचं एकही लक्षण नाही. हनोखाच्या जुन्या ग्रंथात अजाजेल हा बंडखोर दूतांपैकी एक आहे, त्याला हातपाय बांधून रानातल्या अंधारात टाकलंय. त्या चित्राने बघितलं तर पाप जिथून आलं तिथे परत पाठवलं, देवाच्या वस्तीतून हद्दपार केलं.

तुमच्या मूळ प्रश्नाला माझं उत्तर १६:१६ आणि १६:२१ शेजारी ठेवून मिळालं. रक्त जिथे शिंपडलं तिथे यादी आहे, अशुद्धता, अपराध, पापं. जिवंत बकऱ्यावर हात ठेवताना यादीत अशुद्धता नाही, तिच्या जागी दुष्कर्मं आहेत. पहिला बकरा देवाच्या घरासाठी, दुसरा माणसांसाठी. घर धुतलं आणि घाण केलेल्यांचं ओझंही उचललं. आणि दोन्ही ठिकाणी 'अपराध' आहे, म्हणजे जाणूनबुजून केलेलं बंड. चौथ्या अध्यायातलं अर्पण फक्त नकळत केलेल्या पापाला होतं. मुद्दाम केलेलं बंडही या दिवसात येत होतं. म्हणून तो दिवस एवढा मोठा.

आणि चौदावा अध्याय पुन्हा बघा. बरा झालेला महारोगी परत येतो तेव्हा दोन पक्षी, एक मारलेला, दुसरा उघड्या रानात सोडलेला. तोच नमुना.

शेवगावचा
यात मी एक जोडतो आणि इथे आपलं जमेल असं वाटतं. १६:५ मध्ये 'पापार्पणासाठी दोन बकरे' असं आहे. दोन जनावरं, अर्पण एकच. एका जनावराला मरून पुन्हा जिवंतपणी ओझं नेता येत नाही म्हणून दोन लागली. आपल्या प्रभूत दोन्ही एकत्र आले. त्याच्या रक्ताने आपण परमपवित्रस्थानात जातो (इब्री १०:१९) आणि तोच वेशीबाहेर नेला गेला (१३:१२). योहान बाप्तिस्मा करणारा म्हणतो, जगाचं पाप हरण करणारा. दुसऱ्या शतकाच्या आसपास लिहिलेल्या बर्णबाच्या पत्रात तर थेट या दोन बकऱ्यांवरून ख्रिस्त सांगितलाय, ती लाल लोकरसुद्धा त्यात आहे. म्हणजे पहिल्या ख्रिस्ती लोकांनी दुसरा बकरा सोडला नव्हता, तो आपणच सोडला. अंजीर, शिक्षेबद्दल आपला वाद राहू दे, पण हे तुझ्यामुळे नीट बघितलं.

कुतूहल
मला उत्तर मिळालं, निदान पुढचा विचार करण्याएवढं. जुनीवही यांचा प्रतिसाद सगळ्यात जास्त लक्षात राहील.

उंबरठा
पाऊलवाट, स्टडीत एक वचन घ्याच, २५:९. पन्नासाव्या वर्षी योबेलचं रणशिंग वाजवायचं, आणि ते कोणत्या दिवशी? सातव्या महिन्याच्या दहाव्या दिवशी, प्रायश्चित्ताच्या दिवशीच. त्याच दिवशी गेलेली जमीन मूळ घराण्याकडे परत आणि विकले गेलेले लोक आपल्या घरी. पवित्रस्थान धुतलं की रणशिंग, की जमिनी परत. जुनीवही यांचा विषय देवाने त्या तारखेतच घातलाय. हे मला आज धाग्यामुळे शोधताना सापडलं. लेवीयाशी माझं भांडण चालू राहील, पण आता पुस्तक मिटणार नाही.

जुनीवही
उंबरठा दादा, हे मी लिहून घेतलं. २५:९.

पाऊलवाट
ठरलं मग. शुक्रवारी सोळावा वाचायचा, त्याला जोडून चौदाव्यातले दोन पक्षी, सहाव्यातला पाचवा हिस्सा आणि शेवटी पंचवीसचं रणशिंग. इब्री लोकांस पत्र त्याच्या पुढच्या शुक्रवारी, घाई करणार नाही. नवगावकर दादा, योमा भागाचा मराठी अनुवाद कुठे मिळतो का? नसेल तर सोळाव्या अध्यायाशी जुळणारे भाग तुम्ही इथेच सांगाल का, मी वेगळा धागा काढते.

नवगावकर
काढा. सणाच्या आधी लिहितो, महायाजकाच्या पाच अंघोळींपासून सुरू करू.